रिनेम केलं आणि बिलावरची रक्कम गेली

पत्र

चार वर्षं जावामध्ये काम केलं. तीन महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आलो. इथलं बिलिंगचं सॉफ्टवेअर पायथन आणि जँगो या त्यातल्या वेब फ्रेमवर्कमध्ये आहे. साधारण साठ हजार ओळी आहेत, टाइप हिंट (कुठल्या नावात कोणत्या प्रकारचं मूल्य येणार याची नोंद) जवळजवळ नाहीतच. इनव्हॉइस मॉडेलमध्ये रकमेच्या फील्डचं नाव 'एएमटी' असं आहे. वाचताना डोकं उठतं, म्हणून एडिटरमधल्या रिनेमने ते 'अमाउंट' केलं. मिनिटभरात २१२ ठिकाणी बदल झाला. मायग्रेशनही बनवलं, ते चाललं. टेस्ट सगळ्या हिरव्या. स्टेजिंगवर, म्हणजे खऱ्या वापराआधीच्या चाचणी सर्व्हरवर, टाकलं तर छापील बिलावर रकमेची जागा कोरी आणि एरर कुठेच नाही. शिवाय रिफंड या भलत्याच क्लासचं 'एएमटी'सुद्धा काही ठिकाणी बदललं होतं. शेवटी सगळा कोड रिव्हर्ट केला. टीममधले सीनियर म्हणाले, "पायथनमध्ये रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोड नीटनेटका करणं) वगैरे होत नसतं. फाइंड-रिप्लेस मार आणि देवाचं नाव घे." पायचार्म हा एडिटर सोडून व्हीएस कोड घेऊ का? की ही भाषाच अशा कामाची नाही?

— जावाची सवय लागलेला, पुणे

उत्तर

एडिटरचं नंतर बघू. आधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात: 'मायग्रेशनही बनवलं, ते चाललं.' मायग्रेशन म्हणजे मॉडेलमधला बदल डेटाबेसच्या टेबलात उतरवणारी फाइल. स्टेजिंगच्या डेटाबेसमध्ये इनव्हॉइसच्या जुन्या रकमा अजून आहेत का, ते आजच पाहून घ्या.

मॉडेलमधलं फील्डचं नाव बदललं की 'मेकमायग्रेशन्स' कमांड विचारते, अमुक फील्डचंच नाव तमुक केलंत का? तिथे नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' असं धरलं जातं. मग जँगोच्या लेखी जुनं फील्ड काढलं आणि एक नवं आणलं. जुना कॉलम पुसला जातो, नवा तयार होतो, आणि आतल्या रकमा गेल्या. 'नोइनपुट' लावून स्क्रिप्टमधून कमांड चालवली असेल तर प्रश्नसुद्धा पडत नाही, थेट 'नाही'. रकमेसारखं रिकामं न ठेवता येणारं फील्ड असेल तर एक खूण आहे. खरोखरचं रिनेम असेल तर कमांड तुमच्याकडे डीफॉल्ट किंमत मागत नाही. मागितली, की तिथेच कंट्रोल-सी. मायग्रेशनची फाइल उघडून त्यात 'रिनेमफील्ड' आहे की 'रिमूव्हफील्ड' आणि 'ॲडफील्ड' ही जोडी आहे ते बघा. त्यावरही समाधान नसेल तर 'एसक्यूएलमायग्रेट' चालवा. ती कमांड डेटाबेसला हात न लावता, जे एसक्यूएल चालणार आहे ते नुसतं छापून दाखवते. एकदा कॉलम पुसला गेला असेल तर मायग्रेशन उलटं फिरवून रिकामा कॉलम परत येईल, रकमा येणार नाहीत. त्यासाठी बॅकअपच.

खरं तर डेटाबेसमधल्या कॉलमचं नाव बदलायची तुम्हाला गरजच नाही. त्रास वाचणाऱ्याला होतोय, डेटाबेसला नाही. मॉडेलमध्ये फील्डचं नाव 'अमाउंट' करा आणि त्याच ओळीत 'डीबी_कॉलम' म्हणून 'एएमटी' द्या. मायग्रेशन बनवताना जँगो रिनेमचा प्रश्न विचारेल, त्याला 'हो' म्हणा. टेबल जिथल्या तिथे राहतं. डिप्लॉय चालू असताना पाच-दहा मिनिटं जुना आणि नवा कोड शेजारी शेजारी धावत असतो, त्या वेळी जुन्या कोडला त्याचा कॉलम सापडत राहतो.

(या सदरात सगळं देवनागरीत छापतो. कमांड आणि कोडमधली नावं तोंडाने म्हणतो तशी लिहिली आहेत, टर्मिनलवर नेहमीसारखी रोमनमध्ये टाइप करा.)

आता बिलावरची कोरी जागा. बिलाच्या टेम्प्लेटमध्ये दुहेरी महिरपी कंसात 'इनव्हॉइस.एएमटी' असं लिहिलेलं आहे. पायथनच्या दृष्टीने तो कोडच नाही, एचटीएमएल फाइलमधला मजकूर आहे. जँगो तो चालवतानाच वाचतो, आणि असं नाव सापडलं नाही तर बोंब मारत नाही, त्या जागी रिकामी स्ट्रिंग छापतो. ही चूक नाही, ठरवून ठेवलेली वागणूक आहे. सेटिंगमध्ये टेम्प्लेटच्या ऑप्शन्समध्ये 'स्ट्रिंग_इफ_इनव्हॅलिड' नावाचा पर्याय असतो, तो मुळात रिकामा असतो. टेस्टसाठी वेगळी सेटिंग फाइल असेल तर तिच्यात तिथे 'चुकलं: %एस' असं काही भरा. %एसच्या जागी न सापडलेल्या नावाचा उल्लेख येतो. मग टेस्टमध्ये बिलाचं पान रेंडर करून त्यात 'चुकलं' हा शब्द आला की टेस्ट लाल करायची. प्रॉडक्शनच्या सेटिंगमध्ये मात्र हे ठेवू नका. जँगोच्या स्वतःच्या ॲडमिनसकट बरीच टेम्प्लेट्स नाव नसेल तर गप्प राहण्यावर विसंबलेली असतात.

हेही पुरेसं नाही. टेम्प्लेटमध्ये 'इफ इनव्हॉइस.एएमटी' असं असेल तर तिथे हा पर्याय लागूच होत नाही, न सापडलेलं नाव 'नन' धरलं जातं आणि तो अख्खा तुकडा निमूटपणे गाळला जातो. त्यामुळे बिलासाठी एक तरी टेस्ट अशी हवी, जी खरा इनव्हॉइस बनवते, १,००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लावते, पान रेंडर करते आणि त्यात '१,१८०' हा आकडा दिसतो का ते पाहते. बाकी सगळ्या टेस्टपेक्षा ही एक टेस्ट तुमच्या या कामासाठी मोलाची.

मग त्या सगळ्या टेस्ट हिरव्या कशा राहिल्या? तुमच्या टेस्ट आम्ही पाहिलेल्या नाहीत, पण नव्वद टक्के वेळा कारण 'मॉक' असतं, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी टेस्टपुरता उभा केलेला तोतया. रिकामा मॉक कुठल्याही नावाला 'हो' म्हणतो. त्याला 'एएमटी' विचारा, तो देतो. 'अमाउंट' विचारा, तेही देतो. 'अंबाडीची भाजी' विचारा, तीही देईल. टेस्ट त्या मॉकशी बोलते, खऱ्या इनव्हॉइसशी तिची गाठच पडत नाही. मॉक बनवताना 'स्पेक' म्हणून इनव्हॉइस क्लास दिला की नसलेलं नाव वाचल्यावर ॲट्रिब्यूट एरर येते. पण 'स्पेक' फक्त वाचण्यावर पहारा ठेवतो. टेस्टच्या पहिल्याच ओळीत कोणी मॉकवर 'एएमटी = १०००' असं लिहून ठेवलं असेल तर ते चालून जातं, आणि मग वाचायलाही मिळतं. त्यासाठी 'स्पेक_सेट' वापरा, तो लिहिण्यालाही अडवतो. फंक्शन पॅच करत असाल तर 'ऑटोस्पेक' चालू करा, म्हणजे मूळ फंक्शनचे आर्ग्युमेंट बदलले की टेस्ट बोलते.

तिसरी तक्रार रिफंडची. समजा 'बिल_छाप' नावाचं फंक्शन आहे, त्याला 'डॉक' नावाचा एकच आर्ग्युमेंट आहे, आणि आत ओळ आहे 'डॉक.एएमटी'. हा 'डॉक' म्हणजे कोण? जावामध्ये त्याच्याआधी प्रकार लिहिलेला असतो, म्हणून टूलला एका नजरेत कळतं. इथे इनव्हॉइस येईल, रिफंड येईल, उद्या कोटेशन येईल. 'एएमटी' नावाचं काही असलं की झालं. कोडकडे कितीही वेळ बघत बसलं तरी उत्तर त्या ओळीत नाही. मग टूलपुढे दोनच मार्ग उरतात. पायचार्म अशा ठिकाणी नावावरून अंदाज बांधतो आणि प्रिव्ह्यूमध्ये त्या जागा 'अनटाइप्ड, प्रॉबेबल' अशा वेगळ्या गटात दाखवतो. व्हीएस कोडमधला पायलान्स, जो पायराइटच्या इंजिनावर चालतो, उलट स्वभावाचा आहे. प्रकार माहीत नसेल तर तो त्या जागेला हातच लावत नाही. पहिला गरजेपेक्षा जास्त बदलू शकतो, दुसरा गरजेपेक्षा कमी. २१२ जागा मिनिटभरात बदलल्या, याचा अर्थ प्रिव्ह्यू वाचला गेला नाही. रागावू नका, तो कोणीच वाचत नाही. पण त्या 'प्रॉबेबल' गटातली एकेक ओळ उघडून बघणं, शंका असेल ती जागा यादीतून वगळणं, हेच या भाषेत रिनेम करणं आहे. बटण दाबणं हा त्यातला सर्वांत छोटा भाग.

एडिटर बदलू का, याचं उत्तर यातच आलं. बदलून फक्त चुकीची बाजू बदलेल.

सीनियरांचं म्हणणं मात्र मान्य करता येत नाही, कारण इतिहास बरोबर उलटा आहे. आपण आज ज्याला रिफॅक्टरिंगचं टूल म्हणतो, ते सर्वांत आधी रोजच्या वापरात आलं ते एका पूर्ण डायनॅमिक, म्हणजे व्हेरिएबलचे प्रकार आधी न लिहिणाऱ्या भाषेसाठी, स्मॉलटॉकसाठी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी 'रिफॅक्टरिंग ब्राउझर' बनवला, आणि त्यावरचा त्यांचा राल्फ जॉन्सन यांच्यासोबतचा लेख १९९७ साली आला. 'डॉक म्हणजे कोण' ही अडचण त्यांच्यापुढेही होती. त्यांनी काढलेली एक युक्ती आजही ऐकताना मजा येते. मेथडला नवं नाव द्यायचं आणि जुन्या नावाच्या जागी एक पहारेकरी बसवायचा. मग प्रोग्राम चालू करायचा. कोणी जुन्या नावाने हाक मारली की पहारेकरी प्रोग्राम थांबवतो, कॉल स्टॅकवर एक पायरी वर जाऊन हाक मारणारा कोण ते पाहतो, त्याच्या सोर्स कोडमध्ये नवं नाव लिहितो आणि प्रोग्राम पुढे चालू करतो. कोड वाचून जे कळत नाही ते चालवून कळतं. अर्थात जो भाग चाललाच नाही तिथे पहारेकऱ्याचा उपयोग नाही. म्हणजे टेस्ट जिथवर पोचतात तिथवरच हे रिफॅक्टरिंग खात्रीचं.

पायथनमध्ये चालत्या प्रोग्रामचा सोर्स असा बदलत बसायचं नाही, पण पहारेकरी बसवता येतो, आणि तुम्ही तोच बसवायचा आहे. इनव्हॉइस मॉडेलमध्ये 'एएमटी' नावाची प्रॉपर्टी ठेवा. वाचलं की आतून 'अमाउंट' परत देईल, आणि जाताना 'वॉर्निंग्ज.वॉर्न'ने डेप्रिकेशन वॉर्निंग देईल. त्यात 'स्टॅकलेव्हल' २ द्या. नाहीतर वॉर्निंगमध्ये प्रॉपर्टीचीच ओळ दिसते आणि हाक मारणारा कळत नाही. २ दिलं की ज्याने 'एएमटी' म्हटलं त्याची फाइल आणि ओळ येते.

प्रॉपर्टीला सेटरही लिहा. हे विसरू नका, कारण यातली सर्वांत वाईट चूक इथे आहे. सेटर आणि प्रॉपर्टी दोन्ही नसताना कुठेतरी 'इनव्हॉइस.एएमटी = ५००' आणि पुढच्या ओळीत 'इनव्हॉइस.सेव्ह' असं राहून गेलं, तर पायथन त्या ऑब्जेक्टवर 'एएमटी' नावाचं नवंकोरं ॲट्रिब्यूट चिकटवतो, 'सेव्ह' ते फील्ड नाही म्हणून सोडून देतो, आणि डेटाबेसमध्ये जुनीच रक्कम राहते. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये ओळ नाही. ग्राहकाचा फोन येतो तेव्हा कळतं. कोऱ्या जागेपेक्षा हे महागात पडतं, कारण कोरी जागा निदान डोळ्याला दिसते.

क्वेरीमध्ये 'फिल्टर'ला 'एएमटी' दिलेलं राहिलं असेल तर त्याची काळजी कमी. प्रॉपर्टी क्वेरीत चालत नाही, तिथे लगेच फील्ड एरर येते आणि उपलब्ध फील्डची यादीही छापून येते. ॲडमिनच्या 'लिस्ट_डिस्प्ले'मधलं जुनं नाव 'मॅनेज.पाय चेक' पकडतं, निदान प्रॉपर्टी नसताना. म्हणून प्रॉपर्टी बसवण्याआधी एकदा, आणि नंतर एकदा, 'चेक' चालवा. एपीआयसाठी मॉडेलमधली माहिती बाहेर देणाऱ्या सिरियलायझरचं मात्र बघा. फील्डची यादी हाताने लिहिलेली असेल तर जुनं नाव प्रॉपर्टी नसताना एरर देतं, ते ठीक. पण यादीऐवजी 'ऑल' लिहिलं असेल तर एपीआयच्या उत्तरातली की गुपचूप 'एएमटी'ची 'अमाउंट' होते, आणि ज्या मोबाइल ॲपला तुम्ही कधी पाहिलंही नाही ते रडतं. बाहेरच्यांसाठी जुनं नाव तसंच ठेवा. सिरियलायझरमध्ये 'एएमटी' नावाचं फील्ड लिहून त्याचा 'सोर्स' 'अमाउंट' द्या.

हे सगळं झालं बदल केल्यानंतरच्या सुरक्षेचं. बदल करण्याआधी एडिटरला निदान दिसतंय का, ते तपासा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या 'रिनेम चालत नाही' तक्रारींच्या मुळाशी चुकीचा इंटरप्रिटर असतो. प्रोजेक्ट एका व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये चालतो आणि एडिटर सिस्टिमच्या पायथनकडे बोट दाखवून बसलेला असतो. जँगोच त्याला सापडत नाही, मग मॉडेल म्हणजे काय हे कुठून कळणार? तपासणी सोपी आहे. इनव्हॉइस क्लास ज्या 'मॉडेल्स.मॉडेल'वरून बनला आहे त्यावर कर्सर नेऊन व्याख्येकडे उडी मारा. जँगोची फाइल उघडली तर ठीक. पिवळी रेघ आली किंवा काहीच झालं नाही, तर आधी इंटरप्रिटर दुरुस्त करा, तोवर रिनेमला हात लावू नका. पायचार्मच्या सशुल्क 'प्रो' सुविधांमधला जँगोचा सपोर्ट सेटिंगमधून चालू करावा लागतो आणि प्रोजेक्टचं मूळ फोल्डर व सेटिंगची फाइल दाखवावी लागते. ते झालं की बऱ्याच टेम्प्लेटमधली नावंही त्याला ओळखता येतात. व्हीएस कोडमध्ये पायलान्सचं 'टाइप चेकिंग मोड' मुळात बंद असतं, ते 'बेसिक' करा. 'स्ट्रिक्ट' आत्ता नको. साठ हजार ओळींवर एवढ्या लाल रेघा येतील की दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळंच बंद कराल.

मग टाइप हिंट. सगळ्या साठ हजार ओळींना हिंट लावायचा प्रकल्प काढू नका, तो कुठल्याच टीममध्ये पुरा होत नाही. ज्या नावाला हात लावायचाय त्याच्या वाटेवरच्या फंक्शनना लावा. 'बिल_छाप'च्या 'डॉक'ला 'इनव्हॉइस' किंवा 'रिफंड' असा प्रकार दिला की टूलचा अंदाज संपतो आणि माहिती सुरू होते. पायथनमध्ये हे ३.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, अधिकृतपणे आहे. चालवताना पायथन त्या हिंटकडे लक्षही देत नाही, त्यामुळे हिंट लावल्याने चालता कोड मोडेल ही भीती जवळपास नको. फक्त हिंटसाठी केलेल्या इंपोर्टमुळे दोन फाइली एकमेकींना इंपोर्ट करायला लागतात, ते सांभाळा. असे इंपोर्ट 'टाइप_चेकिंग' या अटीखाली ठेवायची सोय आहे.

कुठल्या फंक्शनला काय येतं हेच माहीत नसेल, तर पुन्हा तीच स्मॉलटॉकची युक्ती: चालवून बघा. इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी बनवलेलं 'मंकीटाइप' हेच करतं. 'मंकीटाइप रन मॅनेज.पाय टेस्ट' असं चालवलं की प्रत्येक फंक्शनला प्रत्यक्ष कोणत्या प्रकारची मूल्यं आली ते एका एसक्यूलाइट फाइलमध्ये साठतं. मग 'मंकीटाइप स्टब' आणि पुढे मॉड्यूलचं नाव दिलं की हिंट कशा दिसतील ते छापतं, 'अप्लाय' दिलं की फाइलमध्ये लिहून टाकतं. 'स्टब'ची छपाई वाचल्याशिवाय 'अप्लाय' करू नका. टेस्टमध्ये रक्कम म्हणून नुसते १००० दिले असतील तर ते 'इंट' लिहितं, प्रॉडक्शनमध्ये डेसिमल येत असतं. टेस्टमध्ये मॉक पाठवला असेल तर हिंटमध्येही मॉक उगवतो, ते बघून हसू येतं आणि मग वर सांगितलेलं 'स्पेक' प्रकरण आठवतं.

टाइप तपासायला मायपाय वापरणार असाल तर एक गोष्ट आधी माहीत असू द्या. ज्या फंक्शनला एकही हिंट नाही, त्याच्या आत तो मुळात डोकावतच नाही. तुमच्यासारख्या कोडवर तो 'सगळं ठीक' म्हणून मोकळा होईल. 'चेक-अनटाइप्ड-डेफ्स' चालू करा. त्याच्यासोबत 'जँगो-स्टब्ज'चं प्लगइन लावलं की क्वेरीतली चुकीची फील्डनावंही तो न चालवता पकडतो. पायराइट बिनहिंटच्या फंक्शनमध्येही जातो, पण ते प्लगइन त्याला वापरता येत नाही. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही चालवा.

आता रिनेम पुन्हा करायचं तर असं करा. नवी ब्रँच घ्या, त्यात दुसरं काहीच नको. प्रोजेक्टभर शब्द शोधणारी 'गिट ग्रेप -एन -डब्ल्यू एएमटी' ही कमांड चालवा. 'डब्ल्यू'मुळे अख्खा शब्दच जुळतो, 'एएमटी_पेड' वगैरे मधे येत नाही. पण क्वेरीत 'इनव्हॉइस'नंतर दोन अंडरस्कोर आणि मग 'एएमटी' असं लिहिलेलं असतं, तेही 'डब्ल्यू'ला दिसत नाही, कारण त्याच्या लेखी अंडरस्कोर शब्दाचाच भाग. म्हणून दोन अंडरस्कोर लावून आणखी एक शोध घ्या. या दोन्ही याद्या कागदावर घ्या म्हटलं तरी चालेल. पायथन, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, एसक्यूएल, सगळ्या फाइलींतल्या जागा त्यात हव्यात. मग तिसरा शोध, 'गेटॲटर' आणि 'सेटॲटर' यांचा. ही फंक्शन ॲट्रिब्यूटचं नाव स्ट्रिंगमधून घेऊन ते वाचतात किंवा लिहितात. 'गेटॲटर(डॉक, "ए" + काहीतरी)' असं तुकडे जोडून बनवलेलं नाव ग्रेपलाही सापडत नाही, एडिटरलाही नाही, ते फक्त डोळ्यांनी. साठ हजार ओळींत असे 'गेटॲटर' फार नसतात, वाचून काढा.

मग एडिटरमधून रिनेम, या वेळी प्रिव्ह्यूसकट. कॉमेंट आणि स्ट्रिंगमध्ये शोधायचा पर्याय चालू ठेवा, पण त्यातून आलेल्या जागा एकेक बघून स्वीकारा. ग्रेपच्या यादीतून एडिटरने बदललेल्या जागा वजा केल्या की उरतात त्या तुमच्या हाताने करायच्या: टेम्प्लेट, एसक्यूएल, रिपोर्टच्या कॉन्फिग फाइली. रिनेम एका कमिटमध्ये, हाताने केलेले बदल दुसऱ्यात, प्रॉपर्टी तिसऱ्यात. रिव्ह्यू करणाऱ्याला यंत्राने काय केलं आणि माणसाने काय, हे वेगळं दिसलं पाहिजे. तो दुसरा कमिट नीट वाचेल, पहिला नुसता चाळेल, आणि ते बरोबरच आहे. या एका मोठ्या कमिटमुळे कोणती ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणाऱ्या 'गिट ब्लेम'मध्ये सगळीकडे तुमचंच नाव दिसायला लागेल. त्या कमिटचा क्रमांक एका फाइलीत लिहून 'ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाइल' या गिट सेटिंगला ती फाइल द्या, मग ब्लेम ती कमिट ओलांडून मागे बघतो. गिट २.२३ किंवा पुढचं हवं.

सगळीच रिफॅक्टरिंग इतकी जोखमीची नसतात. फंक्शनच्या आतल्या लोकल व्हेरिएबलचं नाव बदला, एखादा तुकडा वेगळ्या फंक्शनमध्ये काढा, लांब एक्स्प्रेशनला नाव द्या. हे एडिटर पायथनमध्येही जवळपास जावाइतक्याच भरवशाने करतो, कारण त्याला फंक्शनबाहेर बघावं लागत नाही. बिनधास्त करा. जोखीम वाढते ती नाव फंक्शनची हद्द ओलांडून गेलं की. 'केडब्ल्यूआर्ग्ज'मधून, म्हणजे नावासकट आलेल्या आर्ग्युमेंटच्या गठ्ठ्यातून, पुढे ढकलले जाणारे आर्ग्युमेंट असले तर सिग्नेचर बदलण्याचं टूल वापरूच नका, ती साखळी हाताने वाचा. आणि सेलरीची (कामं रांगेत लावून मागे चालवणाऱ्या टूलची) टास्क असलेलं फंक्शन दुसऱ्या फाइलीत हलवणार असाल तर आधी डेकोरेटरमध्ये तिचं जुनं नाव स्पष्ट लिहा. नाव लिहिलं नसेल तर सेलरी ते मॉड्यूलच्या पत्त्यावरून बनवते. फाइल हलली की नाव बदलतं, आणि रांगेत उभी असलेली जुन्या नावाची कामं 'नोंदणी नसलेली टास्क' म्हणून वर्कर फेकून देतो.

'फाइंड-रिप्लेस मार' या सल्ल्यात तथ्य इतकंच, की शोध अख्ख्या प्रोजेक्टभर हवा. पण 'एएमटी'सारखं तीन अक्षरांचं नाव डोळे मिटून बदललं तर रिफंडचं जे झालं तेच शंभर ठिकाणी होईल. एकच बदल शेकडो फाइलींत करायचाच असेल, तर 'लिबसीएसटी' ही लायब्ररी शिकून घ्या. ती कोडचं झाड बनवते, कॉमेंट आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवते. पायथनसोबत येणारं 'एएसटी' मॉड्यूल कॉमेंट गिळतं, म्हणून ते फक्त शोधायला वापरा, परत लिहायला नाही.

प्रॉपर्टीचा पहारेकरी प्रॉडक्शनवर गेल्यावर त्याची हाक ऐकू येईल अशी व्यवस्था करा. डेप्रिकेशन वॉर्निंग पायथन मुळात बहुतेक वेळा दाबून टाकतो. टेस्ट चालवणारं पायटेस्ट ती दाखवतं, प्रॉडक्शन सर्व्हर दाखवत नाही. 'लॉगिंग.कॅप्चरवॉर्निंग्ज' चालू करा आणि या वॉर्निंगपुरता फिल्टर 'डीफॉल्ट' करा, म्हणजे प्रत्येक जागेची एकेक ओळ लॉगमध्ये पडेल. टेस्टमध्ये त्याच वॉर्निंगला एररमध्ये बदला, म्हणजे नवा कोड लिहिताना कोणी जुनं नाव वापरलं तर तिथेच अडेल. टेम्प्लेटमधून आलेल्या हाकेत मात्र फाइल जँगोचीच दिसेल, तुमच्या टेम्प्लेटचं नाव दिसणार नाही. तशी ओळ लॉगमध्ये आली की समजायचं, एखादं एचटीएमएल राहिलंय, आणि पुन्हा ग्रेप.

लॉग शांत झाला की प्रॉपर्टी काढायची घाई होते. बिलिंगचा कोड आहे, तेव्हा थांबा. रोजची बिलं रोज चालतात, जीएसटीचे रिटर्न महिन्याला किंवा तिमाहीला, आणि वर्षाअखेरचा ताळेबंद काढणारी ती एक स्क्रिप्ट वर्षातून एकदाच चालते. ३१ मार्च उलटून ती स्क्रिप्ट नव्या कोडवर एकदा धावू द्या. मग एप्रिलमध्ये काढा.